गिरणीला लागून राहणारे नेहेते सर

"वहिनी, अकरा वाजून सात मिनिटांनी तुम्ही मिक्सर लावला होता का?"

नेहेते सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. जळगावातल्या त्या गल्लीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. दार उघडलं तर समोर एक उंच, वाळके गृहस्थ. कानावर पेन्सिल, हातात वही, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात.

"शेंगदाण्याचा कूट केला," मी म्हणाले.

"बावीस सेकंद. मध्ये एकदा थांबलात."

"भांडं हलवलं."

"बरोबर. नोंद केली." आणि गेले.

आमचे हे आतून ऐकत होते. म्हणाले, "हा माणूस आपल्या स्वयंपाकघरात डोकावतो की काय?" त्याच संध्याकाळी आम्ही खिडकीला जाड पडदा लावला. चार दिवसांनी कळलं की पडद्याचा काही उपयोग नव्हता. सर डोकावत नसत. त्यांच्या पुढच्या खोलीत ऑसिलोस्कोप नावाचं एक जुनं यंत्र होतं. त्याच्या काचेवर एक हिरवी रेघ धावायची, आणि गल्लीत कोणी मिक्सर लावला, ट्यूब पेटवली, इस्त्री लावली की ती रेघ दचकायची. रेघ दचकली की सर दचकायचे, आणि सर दचकले की कोणाचं तरी दार वाजायचं.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. आधी काही वर्षं मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होते, मग म्हाताऱ्या वडिलांसाठी जळगावला परत आले. वडील गेले, सर राहिले.

जगातली माणसं कुठलीही बातमी कळली की "काय झालं?" विचारतात. सर विचारायचे, "कधी?" समोरच्या महाजनांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. बाकीचे "कसं झालं हो?" म्हणत होते. सर म्हणाले, "कधी?"

"पहाटे," महाजन रडत म्हणाले.

"पहाटे म्हणजे?"

महाजन रडता रडता थांबले. आत जाऊन आईला विचारून आले. "चार-वीस."

"कोणतं घड्याळ? भिंतीवरचं? ते तुमचं तीन मिनिटं पुढे आहे."

बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलंच झापलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, झापायची सवय आहे. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण वाईट वाटून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, काय झालं ते कोणीही सांगतं हो. कधी झालं ते नीट सांगणारं कोणी मिळत नाही. माझं सगळं आयुष्य त्यातच चाललंय."

ते कसं, हे त्यांनी मला एकदा एस. टी. स्टँडवर समजावून सांगितलं. आम्ही दोघंही धुळ्याला निघालो होतो, मी शाळेच्या कामाला, ते कसलीशी तार आणायला. तेवढ्यात पारोळ्याची आणि भुसावळची गाडी एकदम लागली. उतारू एकमेकांत मिसळले.

"आता सांगा, तो लाल फेटेवाला कुठल्या गाडीतून उतरला?"

"मला काय ठाऊक?"

"पण कोण किती वाजता उतरला हे बरोब्बर माहीत असतं, तर सांगता आलं असतं. कारण दोन गाड्या अगदी एकाच क्षणी लागत नाहीत. परदेशात कणांच्या टकरी लावणारी मोठी यंत्रं आहेत, वहिनी. पुढे पुढे तिथे इतक्या टकरी एकदम होतील, की कुठला कण कुठल्या टकरीतून उडाला हे कळणारच नाही. कण गेला एवढं सांगणाऱ्या चकत्या आहेत. कधी गेला हे सांगणारी चकती पाहिजे, आणि तीसुद्धा चटकन सांगणारी. इतकी चटकन, की तेवढ्या वेळात उजेड फूटभरच पुढे जाईल."

या बोलण्यात आमची धुळ्याची गाडी निघून गेली. ती किती वाजता गेली, हे मात्र त्यांनी सेकंदासकट सांगितलं.

ती चकती म्हणजे सिलिकॉनचा नखाएवढा, काळानिळा तुकडा. मुंबईच्या संस्थेतले त्यांचे एक मित्र रजिस्टर पोस्टाने पाठवायचे. कॉलेजातली खोली परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनी बळकावली होती, म्हणून सर घरीच तपासायचे. आकाशातून म्हणे सतत बारीक कण पडत असतात, छपरातून, डोक्यातून आरपार जातात. एखादा कण चकतीतून गेला की रेघ हलते. "आत्ता बोलता बोलता तुमच्या डोक्यातून दोन-चार गेले," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे पुन्हा येत नसत.

जळगावचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तो सिलिकॉनला काय सोसणार? उष्म्याने त्या चकतीतून वीज झिरपते. सर त्याला गळती म्हणत. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. चकती पापडाच्या डब्यात, डबा काळ्या फडक्यात, आणि फडकं माठात. माठाभोवती ओलं गोणपाट. माझ्या सासूबाई धरणगावहून आल्या होत्या. सरांकडे सहज डोकावल्या, तहान लागली म्हणून माठावरचं झाकण काढून आत पेला घातला.

"आई, थांबा!" सर ओरडले. "त्यात पाणी नाही, प्रयोग आहे!"

सासूबाई पेला तिथेच टाकून आल्या. त्या घरात माठाला सुतक आहे, असं त्यांनी धरणगावात जाऊन सांगितलं.

पण मिक्सर, उन्हाळा आणि सासूबाई हे सगळे किरकोळ शत्रू. सरांची खरी वैरीण भिंतीपलीकडे होती. सिंधूअक्का.

सिंधूअक्काची पिठाची गिरणी सरांच्या घराला लागून. भिंत एकच. अक्का मूळची पारोळ्याकडची, साठीची, विधवा, मूलबाळ नाही. एक पुतण्या धुळ्याला. गिरणी एकटीने चालवायची. मोटर सुरू झाली की सरांच्या रेघेचं गवत व्हायचं. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या लावून सरांनी विजेचा प्रश्न सोडवला, पण मोटरीचा खरखराट काही जाईना. बरं, रात्री काम करावं तर गावाबाहेर केळीच्या बागांचे पंप सुरू. "पंपांचं सोसता येतं," सर म्हणायचे, "गिरणीचं नाही."

पहिल्याच वर्षी सर अक्काकडे वेळापत्रक घेऊन गेले होते. अक्काने ते पिठाच्या हाताने उलटं धरलं.

"मना कण फार बारीक शेत, अक्का," सरांनी अहिराणीत सुरुवात केली.

"तुमना कण बारीक शे का मनं पीठ?" अक्का म्हणाली. "गिरणी बंद ठेऊ? मंग लोके काय तुमना कण खातीन?"

शेवटी तडजोड झाली ती एवढीच, की मोटर सुरू करण्याआधी अक्का भिंतीकडे तोंड करून ओरडणार, "सर, चालू करस हो!" आणि पलीकडून सर ओरडणार, "नोंद केली!" दिवसातून दहा-पंधरा वेळा. आमच्या गल्लीत नव्याने आलेल्यांना वाटे, अक्काकडे कोणी हिशेबनीस बसवलाय.

एका वैशाखात सर माझ्याकडे धावतच आले. चेहरा असा, की मला वाटलं लॉटरी लागली.

"वहिनी, बांध घातला त्यांनी!"

झालं होतं ते असं. गळती चकतीच्या कडेने जास्त होते. सर मूळचे शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी कागदावर आकृती काढून मुंबईला कळवलं होतं, की शेताला घालतो तसा चकतीच्या कडेला बांध घाला, आणि एक नको, दोन घाला. दोन वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. आता त्यांच्या आकृतीप्रमाणे दहा चकत्या बनून आल्या होत्या. त्या सलग आठ दिवस, मध्ये न थांबता, चालवून बघायच्या. टिकल्या तर परदेशी जाणार. महिनाअखेरीच्या आत उत्तर हवं होतं.

सर तसेच गिरणीत गेले. मीही मागोमाग गेले, म्हटलं भांडण बघायला मिळेल.

"आठ दिन? वैशाखमा?" अक्काने कमरेवर हात ठेवले. वाळवणाचे दिवस होते. नागलीचे पापड, बिबड्या, शेवया, सगळ्यांची दळणं एकदम आलेली. "मना वरीसना धंदा ह्या दोन महिनामा शे. तुमना डबामा काय शे ते माले माहीत नही. मना डबामा आख्खी गल्लीनी जवारी शे."

सर परत आले. त्या दिवशी "नोंद केली" ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते. सर घरातून अनवाणी बाहेर पडले आणि गिरणीत घुसले. मला वाटलं, गेले मोटर फोडायला. मागून धावले तर आत अक्का जमिनीवर पडलेली, पाय वाकडा झालेला, आणि जातं रिकामं फिरतंय. धान्य ओतायला स्टुलावर चढली होती, ती पिठावरून घसरली. मोटरच्या आवाजात तिची हाक कोणालाही ऐकू गेली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?" रिक्षात तिला बसवताना मी विचारलं.

"रेघ," सर म्हणाले. "धान्य असलं की वेगळी दिसते, रिकामी फिरली की वेगळी. अक्का दगड रिकामा पाऊण मिनिटाच्या वर फिरू देत नाही. आज तीन मिनिटं झाली."

अक्काच्या मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात महिनाभर तरी राहावं लागणार होतं. गिरणीला कुलूप लागलं, किल्ली सरांकडे राहिली.

गल्ली काय बोलायची थांबते? "सरांचं फावलं" म्हणाली. खोटंही नव्हतं. सरांनी दुसऱ्याच दिवशी चाचणी सुरू केली. संध्याकाळी मला रेघ बघायला बोलावलं. हिरवी रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती.

"अशी मी आठ वर्षांत पाहिली नाही," सर म्हणाले. नुसते बघत बसले होते.

तोवर बायका दळण घेऊन हायवेजवळच्या नव्या गिरणीत जायला लागल्या होत्या. मीही गेले, घरात पीठ नको? परत येताना डोक्यावर डबा घेऊन सरांच्या समोरूनच आले. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मला अपराध्यासारखं झालं, का कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गिरणीचा आवाज आला. पुतण्या आला असेल म्हणून मी बघायला गेले. आत सर होते. बनियन, पायजमा, नाकाला रुमाल, भुवया पांढऱ्या. एका हाताने धान्य सोडत होते, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पीठ धरून डोळ्यांजवळ नेत होते.

"सर! अहो, तुमची चाचणी!"

"काय?" मोटरमुळे ऐकू येईना.

"चाचणी! आठ दिवस!"

त्यांनी मोटर बंद केली. "गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येत नाही, वहिनी. अक्का परत येईल तेव्हा काय दळेल?" मग जरा घुटमळून म्हणाले, "हे पीठ बघा बरं. पापडाला चालेल? का अजून बारीक हवं?"

पुढचा महिनाभर सर कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी असल्यासारखे गिरणीत राहिले. सुट्टी होतीच म्हणा. सुरुवातीला त्यांचं पीठ भयंकर यायचं. आमच्या घरच्या शेवया त्या वर्षी दोरखंडासारख्या झाल्या. पण एकही बाई हायवेकडे गेली नाही. जिने पाऊल तिकडे वळवलं, तिला मी झापलं.

चकत्यांचं काय झालं तेही सांगून टाकते. सरांनी मित्राला तार केली: "गिरणी चालू. चाचणी बंद. चकत्या परत पाठवतो." मित्राची उलट तार आली: "कोणती गिरणी?" मग लांबलचक पत्र आलं, ते सरांनी मला वाचून दाखवलं नाही. मुंबईतच चाचणी झाली, दहांपैकी सात चकत्या टिकल्या. दुहेरी बांध चांगला निघाला. दोन वर्षांनी त्यावरचा लेख छापून आला. लेखकांची नावं रेशनच्या यादीसारखी पानभर होती. त्यात नेहेते हे नाव भिंग लावून शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. किती, ते सरांना माहीत असेल.

पण मला सांगायचंय ते त्या महिन्यातल्या एका रविवारचं. मी अक्काला भेटायला दवाखान्यात गेले. सरांनी मला बजावलं होतं, की मी गिरणी चालवतो हे तिला सांगू नका, उगाच उठायची घाई करेल. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "पाच मिनिटं आधी यायचं होतं. आजींचे भाऊ आत्ताच गेले. दोन्ही वेळचा डबा तेच आणतात."

अक्काला भाऊ नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी खाटेजवळ जाऊन बसले. उशाशी सरांचा तो ओळखीचा पापडाचा डबा.

"भाकर लईसन येस रोज," अक्का कुरकुरली. "भाकर कसानी, पत्रा शे पत्रा. आनि कानमा पीठ भरेल ऱ्हास, तरी माले सांगस, गिरणी बंद शे."

मी मान खाली घातली. अक्काने पांघरुणाची कड उगाच सारखी केली, पुन्हा विस्कटली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दिन डाक्टरले सही पायजे व्हती. पुतण्याले धुयाथून यवाले येळ लागता. सरनी सही करी टाकी आनि फारमवर लिखी टाकं, भाऊ."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"सिस्टरनी माले इचारं ना, हाऊ सख्खा भाऊ का म्हनीसन." तिने डबा जवळ ओढून त्यावर हात ठेवला. "मी सांगं, हाव. धाकला. लहानपनपासून असाच शे."