सॅम्पल फ्लॅटमधला चौक

माणूस उघड्या अंगाने एकवेळ राहील, पण उघड्या भिंतीसमोर राहू शकत नाही, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. पूर्वी भिंतीकडे छप्पर उचलून धरणे एवढेच काम असे (काही घरांत कॅलेंडरचा अतिरिक्त कार्यभार). पुढे ते काम सिमेंटच्या खांबांनी घेतले आणि भिंती रिकाम्या झाल्या. रिकामी भिंत घरात असणे हे रिकामटेकडा जावई घरात असण्यासारखेच. पाहुणे काय म्हणतील या काळजीने चांगली चांगली कुटुंबे खचू लागली. या कुटुंबांना आधार देण्यासाठी जो वर्ग पुढे आला, त्याला स्वतंत्र कलाकार म्हणतात.

घोलवडचा दीपेश या वर्गातला. स्वतंत्र म्हणजे तो कोणाचाही नोकर नव्हता. तो केवळ मोबाइलचे नेटवर्क, कुरिअरवाला, प्रदर्शन भरवणाऱ्या बाई, फोटोला लागणारे तिरपे ऊन आणि वडिलांची चिकूवाडी एवढ्यांवरच अवलंबून होता. त्याचा दिवस शिस्तीचा असे. सकाळी वस्तूचा फोटो, दुपारी फोटोखालचा मजकूर, संध्याकाळी मजकुराखाली आलेल्या बदामांना उत्तरे. उरलेल्या वेळात वस्तू तयार होई (वेळ उरल्यास).

त्याचे वडील महादेवराव साधे बागायतदार होते आणि त्यांचे प्रश्नही साधे असत.

"दीपेश, तू नेमकं करतोस काय?"

"पप्पा, मी सध्या प्रोसेसमध्ये आहे."

महादेवरावांच्या माहितीत प्रोसेसमध्ये फक्त चिकू असत, आणि तेही शेवटी पिकत. त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितले, "होळीच्या आत एक खरी ऑर्डर पुरी करून दाखव. नाहीतर गुपचूप शेडवर ये आणि खोके भर."

खोके भरण्यात वाईट काही नव्हते. घोलवडची निम्मी माणसे खोके भरूनच सुखाने जेवतात. पण मग सरावलीच्या मयूरीला तोंड कसे दाखवायचे, हा प्रश्न होता. मयूरी हाताने मातीचे कप करी. यंत्राचा कप सरळ उभा राहतो, यात कौतुक कसले? मयूरीचा कप एका बाजूला कलत असे, आणि त्यामुळे तो अस्सल आहे हे डोळे मिटूनही कळे (चहा मांडीवर आला की). दीपेशचा तिच्यावर मनापासून जीव होता. प्रत्येक प्रदर्शनात त्यांची टेबले शेजारी असत, आणि दिवस सुना जाऊ नये म्हणून ती दोघे एकमेकांच्या वस्तू विकत घेत. तालुक्यातल्या हस्तकलेची निम्मी विक्री कलाकारांनी एकमेकांना केलेली असते, असे जाणकार म्हणतात; उरलेली निम्मी त्यांच्या आया सांभाळतात. मनातली गोष्ट मात्र दीपेशने मयूरीला सांगितली नव्हती. हाताने केलेल्या गोष्टीला घाई चालत नाही, हे तत्त्व त्याने तिथेही पाळले होते.

अशा वेळी जतीनभाई बिल्डर देवासारखे धावून आले. सरावलीला त्यांची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्यातल्या सॅम्पल फ्लॅटचे रविवारी उद्घाटन होते. सॅम्पल फ्लॅट ही माणसाने बांधलेली सर्वांत सुखी वास्तू होय. तिथे फ्रिज असतो पण दूध नासत नाही, पलंग असतो पण घोरणे नसते, आणि फळांच्या टोपलीतली फळे मेणाची असल्यामुळे कधी कुजत नाहीत. या वास्तूत फक्त एक भिंत मोकळी राहिली होती. जतीनभाई म्हणाले, "दीपेश, ह्या भिंतीवर कायतरी लोकल पाहिजे. एकदम अस्सल. फोटो झकास आला तर बाकीच्या फ्लॅटचं कामपण तुलाच."

आता अस्सल म्हटल्यावर दीपेश गंजाडला सुकऱ्याकडे गेला. सुकऱ्या कागदावर आणि कापडावर वारली चित्रे काढून दुकानांना देई. तो म्हणाला, "काढतो ना शेट. दुपारपर्यंत होल."

इथेच दीपेशला शंका आली. जे दुपारपर्यंत होते ते अस्सल कसे असेल? शिवाय त्याने मोबाइलवर भरपूर अभ्यास केला होता. त्यानुसार सर्वांत अस्सल म्हणजे घरच्या भिंतीवरचा लग्नचौक. तो सवासिणी काढतात, मध्ये पालघाट देवी बसते, आणि धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई शेजारी बसून गाणी म्हणते. दीपेशने तो चौक मागितला.

सुकऱ्याने विचारले, "लगीन हाय का?"

"हो हो, लग्नाचाच पाहिजे," दीपेश म्हणाला.

सुकऱ्याला आनंद झाला. त्याने बायकोला हाक मारून आत वर्दी दिली.

शुक्रवारी सकाळी सुकऱ्याची बायको सोनीबाई, नवशी धवलेरी, चार सवासिणी आणि त्यांच्याबरोबर लग्नाला म्हणून निघालेली मंडळी टमटम भरून सरावलीला आली. त्यांनी प्लॅस्टिक पेंटची गुळगुळीत भिंत पाहिली, हळहळ व्यक्त केली, आणि तिच्यावर शेण आणि गेरू सारवून ती माणसांत आणली (साइट सुपरवायझर याच वेळी पाणी प्यायला खाली गेला आणि वर आला नाही). मग तांदळाचे पीठ कालवून बांबूच्या काडीने चौक सुरू झाला. नवशी गाऊ लागली. दीपेश काडीचे, पिठाचे, बोटांचे आणि बोटांच्या सावल्यांचे फोटो काढत सुटला. इतका सुखी तो बऱ्याच वर्षांत नव्हता.

गाता गाता नवशी थांबली. "नाव सांग."

दीपेशला भरून आले. कलाकाराचे श्रेय हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता. प्रदर्शनवाल्या बाईंनी त्याचे नाव दोनदा चुकीचे छापले होते आणि एकदा मुळीच छापले नव्हते. इथे तर श्रेय गाण्यात घालायची रीत होती! यालाच संस्कृती म्हणतात, असे त्याला वाटले. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "दीपेश."

"नि जोडीला?"

हल्ली कोणताही स्वतंत्र कलाकार एकटा काम करत नाही. त्याला कोलॅबरेशन म्हणतात. या भिंतीखाली मांडायच्या कुंड्या मयूरी आणणार होती, तेव्हा न्यायाने दुसरे नाव तिचेच. "मयूरी," दीपेश म्हणाला.

"कुठली पोर?"

"इथलीच. सरावलीची."

नवशीने मान हलवली आणि दोन्ही नावे गाण्यात गुंफून टाकली. सवासिणींनी ती उचलली. चौक पुरा झाला तसा सोनीबाईने इकडेतिकडे पाहिले, कोपऱ्यात गुंडाळलेला उद्घाटनाचा बॅनर उचलला आणि चौकावर सोडून तो झाकून टाकला. आता भिंतीवर फक्त 'येथे आपले स्वप्न पूर्ण होते' एवढेच दिसत होते.

"मावशी, झाकला का? फोटो राहिलाय माझा!"

"आता लगीन लागल तवाच उघडल," सोनीबाई म्हणाली. "हळद कुठं हाय?"

यानंतरचा अर्धा तास दीपेशने कलेचे प्रतीकात्मक स्वरूप समजावून सांगण्यात घालवला. सोनीबाईने ते शांतपणे ऐकून घेतले. तिची बाजू थोडक्यात अशी होती : देवीला बोलावले, ती आली, दोघांची नावे तिने ऐकली, आता तिला 'अमथी बोलावली होती' असे कोण सांगणार? सांगायचे असेल तर शेटने स्वतः सांगावे. दीपेशने बॅनरकडे पाहिले आणि त्याला ते जमले नाही.

तेवढ्यात जतीनभाईंचा फोन आला. भिंतीचा फोटो आजच हवा होता. नाही मिळाला तर ते दुकानातून वॉलपेपर आणून डकवणार होते. म्हणजे एकीकडे चिकूचे खोके आणि दुसरीकडे बोहले. पूर्वी लोक लग्न करून स्वातंत्र्य गमावत. लग्न केल्याशिवाय ज्याचे स्वातंत्र्य टिकणार नव्हते असा दीपेश हा तालुक्यातला पहिलाच गृहस्थ असावा.

याच क्षणी मयूरी कुंड्या घेऊन जिना चढली. आत बायका तिच्या नावाचे गाणे म्हणत होत्या. तिने कुंड्या खाली ठेवल्या, सगळी हकिगत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला.

"नाव कोणाचं आधी घेतलं?"

"माझं," दीपेश म्हणाला. मग त्याचा धीर एकाएकी सुटला, किंवा आला. "तुझं आधी घ्यायला सांगतो. मयूरी, हे चुकून झालं, पण चुकीचं झालं असं मला वाटत नाही. मला तू फार आवडतेस. तुझे सगळे कप माझ्याकडेच आहेत."

"माहितीये," ती म्हणाली. "दुसरं कोण घेणार ते? गळतात." तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती हसायला लागली. "तीन प्रदर्शनं वाट बघतेय मी. आणि ह्याने सांगितलं कोणाला, तर धवलेरीला!"

दोन्ही घरी फोन गेले. महादेवराव मंडळींसह आले, त्यांनी मुलाच्या अंगाला लागलेली हळद पाहिली आणि कलेचा उपयोग आपल्याला आज प्रथमच कळला, असे जाहीर केले. दीपेशच्या आई रंभाबाई मेणाची फळे उचलून टोपलीत खरे चिकू ठेवत होत्या आणि मध्येच पदराने डोळे पुसत होत्या. संध्याकाळच्या आत लग्न लागले, बॅनर उतरला, चौक उघडला आणि फोटो निघाला. नवरा-नवरी कोपऱ्यात आली होती, ती जतीनभाईंनी कापून टाकली.

फोटो अपेक्षेपेक्षा झकास आल्यामुळे बाकीच्या फ्लॅटचे काम दीपेशला मिळाले नाही. जतीनभाईंनी तो फोटोच मोठा छापून घेतला आणि इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटच्या दिवाणखान्यात डकवला. दीपेश खवळला, मूळ कलाकृतीचा हा घोर अपमान आहे, असे त्याने सर्वांना सांगितले. महादेवरावांनी मात्र ऑर्डर पुरी झाली असे धरले. सून घरात आली होती, आणि त्यांच्या हिशेबात याहून खरी ऑर्डर नव्हती.

सोनीबाईची तक्रार वेगळीच होती. ती नव्या जोडप्याला भेटायला आली तेव्हा तिने विचारले, "तिथं एवढ्या घरांत चौक बसले. लगीन कोनाची लावली?"

"मावशी, ते नुसतं छापलेलं आहे."

"छापला का काढला, देवीला काय? भिंतीवर बसली ना ती?"

"पण सुकऱ्यादादा रोज कागदावर काढतो ते?"

"कागद बाजारात फिरतो तवर कागद. घरच्या भिंतीवर चढला का चौक."

या सरळ नियमानुसार पुढील कार्यवाही सुरू झाली आहे. सोनीबाई आणि नवशी टमटम करून घरोघर फिरतात, भिंतीवरचा चौक हाताला येईल त्या कापडाने झाकतात आणि घरात बिनलग्नाचे कोण आहे ते विचारतात. कोणीच नसेल तर घरच्याच जोडप्याचे पुन्हा लावून देतात. सरावलीच्या पहिल्या फ्लॅटमधले निवृत्त बँक अधिकारी चिमणभाई लगेच तयार झाले (त्यांच्या पत्नीने विचार करून सांगते, असे कळवले आहे). त्या इमारतीतली घरे संपत आली असून सुकऱ्याच्या चित्रांची गिऱ्हाइके आता हाती घेण्यात येतील. ती मुंबई, पुणे, नाशिक आणि त्याही पलीकडे पसरलेली आहेत.

तेव्हा वाचकांनी एकवार मान वळवून आपल्या सोफ्यामागच्या भिंतीकडे पाहावे. तिथे गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांचा चौक असल्यास दोन माणसांच्या जेवणाची आणि हळदीची तयारी ठेवावी. 'आम्ही ते नुसतं शोभेसाठी लावलंय' हे उत्तर बऱ्याच जणांनी देऊन पाहिले आहे. त्यावर सोनीबाई आधी घरधन्याकडे बघते, मग घरधनिणीकडे बघते आणि अगदी मायेने विचारते, "नि तुमचा लगीन? तो पन शोभेचा?"