पिवळ्याचा डाग

“आजवर माझ्या हातून एक डाग हरवलेला नाही!”

पार्सलकाका हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत. म्हणायचं निमित्त मिळालं नाही तर ते निमित्त शोधून काढत. त्यांची सारी हयात पार्सल ऑफिसात गेली होती, आणि पार्सल ऑफिसच्या भाषेत सामानाच्या प्रत्येक नगाला ‘डाग’ म्हणतात. ट्रंक हा डाग, सायकल हाही डाग, कोंबड्यांची पाटीसुद्धा डागच! एकदा बाकावर चादर पांघरून झोपलेल्या एका आजोबांवर काकांनी चिठ्ठी चिकटवली होती, असं त्यांचे सहकारी सांगत. काका ते नाकारत नसत. “पण पोचले असते बरोबर!” एवढंच म्हणत.

त्यांचं तत्त्व एकच. डाग मोजायचा, उघडायचा नाही. आत काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?

घरातही त्यांनी हेच तत्त्व चालवलं होतं. काकूंना जुन्या फॅशनचे कपडे जमवायचा भारी नाद. फुगीर बाह्यांचे झगे, खांद्यात उशा भरल्यासारखे दिसणारे कोट, रस्ता झाडत जाणारे बेलबॉटम, ठिपक्यांचे फ्रॉक, लोकांनी कंटाळून माळ्यावर टाकलेलं जे जे म्हणून असेल, ते काकू मागून आणत. उसवलेलं शिवत, हरवलेल्या बटणाला जोड शोधत, मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवत. एक कपाट भरलं, दुसरं आलं. काकांचे दोन सदरे खुंटीवर लटकू लागले.

“हे घर आहे की नाटक कंपनीचं गोदाम?” काका ओरडत.

“गोदामात तुम्हाला करमतं ना? मग राहा की!” काकू म्हणत.

या सगळ्या पसाऱ्यातला पहिला होता एक पिवळा झगा. लांब, घेरदार, मोठ्या कॉलरचा. काकू सोळा वर्षांच्या असताना त्यांच्यासाठी शिवलेला. त्याच हिवाळ्यात काकूंची धाकटी बहीण तापाने गेली होती, पाच वर्षांची. हे काकांना लग्नानंतर एकदाच कळलं होतं. काकू सांगता सांगता थांबल्या होत्या. त्यांना रडू फुटू नये म्हणून काकांनी घाईघाईने चहा मागितला होता. काकूंनी चहा केला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आणि आता, इतक्या वर्षांनी, गावातल्या वाचनालयाने काकूंच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं! काकू हरखून गेल्या. इतक्या हरखल्या, की कपाटावरचा कोट काढायला स्टुलावर चढल्या आणि स्टुलासकट खाली आल्या. पाय प्लास्टरमध्ये. प्रदर्शन दोन दिवसांवर.

“काळजी करू नकोस,” काकांनी बाह्या सावरल्या. “सामान हलवायचं आहे ना? ते काम कुणाचं?”

“अहो, पण सामान नाही ते...”

“पण नाही न् परंतु नाही! तू पडून राहा.”

काकूंनी उशीवर डोकं टेकलं. म्हणाल्या, “बरं. बाकी कशाचं काही होऊ दे. पिवळ्याचा डाग तेवढा सांभाळा.”

काका ताठ झाले. “डाग? मला सांगतेस? त्या डागाला काही झालं तर माझं नाव बदल!”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक म्हणजे! जन्म गेला माझा त्यात.”

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी काकांचा हात घट्ट धरला. “मला वाटायचं, तुम्ही कधी बघितलंच नाही.”

गोळ्यांचा अंमल दिसतोय, काकांनी मनाशी म्हटलं, आणि हात थोपटला.

माशी शिंकली ती इथेच! काकू बोलत होत्या झग्यावर पडलेल्या डागाबद्दल. काका बोलत होते झग्याच्या गाठोड्याबद्दल. एकाने इंग्रजी आणि दुसऱ्याने मराठी झाडलं असतं, तर निदान कुणीतरी “काय म्हणालात?” असं विचारलं असतं. दोघंही मराठीतच बोलत होते, हीच तर पंचाईत.

काकांनी मलमलीच्या घड्या न उलगडताच पांढऱ्या चादरींत गाठोडी बांधली. गाठ अशी मारली, की ती सोडवायला पैलवान लागावा. टेंपो बोलावला. टेंपोवाला ओळखीचा. त्यालाही काकांनी वाटेत सुनावलं, “माझ्या हातून आजवर एक डाग...”

“हरवलेला नाही,” टेंपोवाल्याने वाक्य पुरं केलं आणि गिअर टाकला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रदर्शनाची खोली होती. तळमजल्यावर हौशी नाटकवाल्यांची तालीम चालायची. काकांनी गाठोडी व्हरांड्यात उतरवली आणि एकेक करून वर नेऊ लागले. शेवटचं गाठोडं वर गेलं. मोजलं. हिशेब चोख! काकांनी घाम पुसला, मिशीवरून हात फिरवला, आणि झगा टांगायचा म्हणून पिवळ्याचं बाजूला ठेवलेलं गाठोडं सोडलं.

आतून एक मुकुट निघाला. मग लाकडी तलवार. मग एक हातभर लांब पांढरी दाढी.

काका दाढीकडे बघत राहिले. कोणत्या दशकात बायका हे घालत असतील, याचा त्यांनी खरोखर क्षणभर विचार केला. मग खालचा व्हरांडा आठवला. व्हरांड्यात आणखी एक पांढरं गाठोडं होतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. नाटकवाले काकांचं घेऊन गेले होते, आणि काकांनी नाटकवाल्यांचं वर आणलं होतं. संख्या बरोबर जुळली होती. पार्सल ऑफिसात एवढ्यावर भागलं असतं!

दाढी हातात तशीच धरून काका जिन्यावरून धडधडत खाली आले. तालीम ऐन रंगात होती. नायिका पिवळा झगा घालून गिरकी घेत होती. दिग्दर्शक कौतुकाने म्हणत होता, “या वेळचा कपडेपट झकास आणलाय हं!”

“थांबा!” काका दारातूनच गरजले. “आधी तो डाग इकडे द्या!”

“कसला डाग?” नायिका थबकली.

काकांनी थेट तिच्याकडे बोट रोखलं. “हा! हा डाग माझा आहे!”

“ओ, तोंड सांभाळून बोला! बाईमाणसाला डाग म्हणता?” नायक अंगावर धावून आला.

“सांभाळायचंच आहे मला! काढा तो! आत्ताच्या आत्ता काढा!”

नायिका किंचाळली. दिग्दर्शकाने तिच्यापुढे पडदा ओढला, तो दोरीसकट खाली आला. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं डॉक्टरला. कोपऱ्यातला तबलजी काकांच्या हातातल्या दाढीकडे बघून म्हणाला, “म्हाताऱ्याच्या कामासाठी आलेत वाटतं. आवाज चांगला आहे.”

अखेर सारा घोळ उलगडला. मुकुट खाली आला, गाठोडं वर गेलं. नायिकेने कपडे बदलून झगा नीट घडी करून आणून दिला. “छान बसला होता हो मला,” ती हिरमुसून म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी तत्त्व मोडलं. बायको एवढं डोळ्यांत पाणी आणून बोलली होती, म्हणून सुपूर्द करण्याआधी माल तपासावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी झगा उलगडला. आणि घेराच्या एका बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, निळ्या शाईचा हा भलाथोरला डाग!

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. “काय केलंत हे!”

“आम्ही नाही! मी घातला तेव्हाच होता तो.”

“म्हणजे माझ्या बायकोने मळका झगा मलमलीत गुंडाळून ठेवला होता? मला शिकवता?”

कुणाचं काही न ऐकता काका सुटले ते थेट लाँड्रीत. लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून झगा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला.

“ताजा नाही हा, काका. जुना आहे, चांगला मुरलेला.”

“तो नाटकवाल्यांचा कावा आहे. निघेल का ते बोल.”

“कापड टेरिलीनचं आहे, सोडेलही. पण काका, हे बघा, ही बोटं दिसतात. कुणा पोराने माखलेला हात लावलाय.”

“मग कान उपट त्या पोराचे! माझी बायको उद्या येणार आहे. डाग काढ.”

“नक्की काढू ना?”

“काढ म्हणजे काढ!”

लाँड्रीवाल्याने काढला. हात राखून राखून, फुंकर घालून घालून, कापडाचा एक धागा न दुखवता काढला. संध्याकाळी काकांनी झगा बघितला, तर नुकताच शिंप्याकडून आल्यासारखा कोरा! काकांना आपल्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण हात पोचेना. रात्री काकूंना ते एवढंच म्हणाले, “उद्या बघशील!” काकू हसल्या. कितीतरी दिवसांनी काकूंना शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी काकूंना चाकांच्या खुर्चीतून आणलं. खोली भरली होती. म्हाताऱ्या बायका आपापल्या तरुणपणासमोर उभ्या राहून हसत होत्या. “माझा अगदी असाच होता गं!” चहूकडून हेच. काकूंनी सगळ्यांना नमस्कार केला, पण खुर्ची कुठे थांबू दिली नाही. मधोमध पिवळा झगा टांगला होता. काका त्याच्याशेजारी नवरदेवासारखे उभे होते.

काकूंनी झग्याचा घेर हातात घेतला. उजेडाकडे वळवला. मग दुसरी बाजू बघितली. मग पुन्हा पहिली.

“दिवा लावा जरा.”

“लागलाय की.”

“अहो, कुठे आहे?”

“काय?”

“डाग.”

“सगळे डाग आले!” काका खुशीत म्हणाले. “मोजून घे! आणि नाटकवाल्यांनी ह्याच्यावर शाई सांडून ठेवली होती, तीसुद्धा मी...”

काकूंचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. वहिनी समंजस. त्यांनी “या, तो कोट बघा,” म्हणत लोकांना पलीकडे नेलं.

काकू हळू आवाजात बोलू लागल्या. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं.

“सारखी माझा झगा धरून चालायची धाकटी. मी विहिरीवर गेले तरी मागे, शाळेत निघाले तरी फाटकापर्यंत मागे. त्या दिवशी दौत सांडली तिने. हात निळे झाले, तरी येऊन धरलाच. धुवायला टाकायच्या आधी ताप आला तिला. मग राहूनच गेलं. आईला बघवेना, तिने पोरीचं होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं. फोटो तर कधी काढलाच नव्हता. तेवढा एक हात राहिला होता.”

काका झग्यापासून एक पाऊल मागे सरले.

“परवा तुम्ही म्हणालात ना, ठाऊक आहे म्हणून,” काकू म्हणाल्या. “केवढं बरं वाटलं होतं मला. म्हटलं, चला, तिला ओळखणारे आता आपण दोघं आहोत.”

काकांना भडभडून आलं. त्यांना चहा मागावासा वाटला नाही. ते खोलीबाहेर पडले आणि लाँड्रीकडे जवळजवळ पळतच गेले. प्रश्न किती वेडगळ आहे हे त्यांना वाटेतच कळलं होतं, तरी त्यांनी तो विचारला.

“तो कालचा डाग... परत आणता येईल का?”

लाँड्रीवाल्याला हसू आलं होतं. काकांचं तोंड बघून ते त्याने गिळलं.

“काका, पाणी कालच ओतून दिलं हो.”

काका परत आले. काकू तशाच बसल्या होत्या, घेर मांडीवर घेऊन. काका त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

“कुठे होता तो? मला नीट दाखव.”

काकूंनी त्यांचा हात धरून कापडावर ठेवला. “अंहं. इथे नाही. जरा खाली. एवढीशीच होती ती.”

“नाव काय होतं तिचं?”

काकूंनी सांगितलं. मग आणखी काय काय सांगत राहिल्या, आणि काकांनी मध्ये विषय बदलला नाही. प्रदर्शन बघायला आलेल्यांना वाटलं, म्हातारा-म्हातारी झग्याच्या शिलाईबद्दल बोलताहेत.

संध्याकाळी टेंपो आला. काकूंना घेऊन वहिनी आधीच पुढे गेल्या होत्या. काकांनी गाठोडी खाली आणली. या वेळी त्यांनी प्रत्येक गाठोडं उघडून आत बघितलं होतं, म्हणून उशीर झाला. टेंपोवाल्याने फळी लावली, दोरी आवळली आणि सवयीने विचारलं, “काय काका, सगळे डाग आले ना?”

“नाही रे,” काका म्हणाले. “एक हरवला.”

टेंपोवाला चकित झाला. काकांच्या तोंडून हे शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. “थांबा, असा कसा हरवेल!” म्हणत त्याने दोरी सोडली, ताडपत्री उचलली, सीटखाली वाकून बघितलं, आणि मग टॉर्च घेऊन व्हरांड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शोधू लागला.

भला माणूस! त्याला थांब म्हणायला हवं होतं. पण काका फळीला टेकून उभे राहिले, आणि कुणीतरी शोधतंय तोवर त्यांनी शोधू दिलं.