या, जेवायला बसा

एन्कार्नाच्या दारावरून उपाशी माणूस गेला नाही, ही गोष्ट ती स्वतःच चारचौघांत सांगायची. त्यामुळे दरीपलीकडच्या गावातून विर्तुदेसबाईंचं बोलणं कानावर आलं, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विर्तुदेसबाई म्हणजे तिच्या लेकीची, अराथेलीची होणारी सासू. मुलगी चांगली आहे, पण त्या घरचा हात आखडता, असं म्हणाल्या होत्या म्हणे.

म्हणून आज व्याह्यांना जेवण होतं. लसणात परतलेलं करडाचं मटण, मिरच्या घातलेले बटाटे, घरची वाइन. अंगणात द्राक्षवेलीखाली टेबल मांडलेलं. व्याह्यांची वाट बघता बघता, मीठ बेताचं आहे ना, म्हणून एन्कार्नाने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात टाकला. नेमक्या त्याच वेळी काठ्या टेकत, पाठीवर बोचकी घेतलेले परदेशी पदयात्री अंगणापाशी आले.

आता स्पेनमधल्या या आल्पुहाराच्या डोंगरात रीत अशी, की तोंडात घास असताना कोणी दिसलं तर “या जेवायला” म्हणायचं. आणि समोरच्याने “होऊ दे, तुमचं चालू द्या” म्हणून पुढे जायचं. शत्रूलासुद्धा म्हणायचं, आणि शत्रूनेसुद्धा तसंच उत्तर द्यायचं. आजवरचे पदयात्री तर नुसते हसून निघून जायचे, कारण त्यांना भाषाच कळत नसे.

एन्कार्ना सवयीने म्हणाली, “या, जेवायला बसा.”

या टोळीतल्या उंच माणसाने हिवाळाभर भाषेची शिकवणी लावली होती. त्याचा चेहरा उजळला. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, सगळ्यांनी छातीवर हात ठेवून आभार मानले, आणि काठ्या भिंतीला टेकवून बसले की टेबलाशी.

एन्कार्नाचा नवरा तोर्कातो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि म्हणाला, खरं काय ते सांगून टाक त्यांना.

“बोलावलेल्या माणसाला ताटावरून उठवू?” ती म्हणाली. “त्यापेक्षा मी हे गाव सोडेन. वाइन आण.”

डोंगर चढून आलेली माणसं ती, जेवली पण तशीच. एन्कार्ना वाढत राहिली, आणि वाढताना तिचा हात एकदाही आखडला नाही. उंच माणसाने कढईचा तळसुद्धा पावाने पुसून घेतला. असं मटण जन्मात खाल्लं नाही, म्हणाला. तेवढ्या त्या घोळातही तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आणि पायवाटेवर विर्तुदेसबाई दिसल्या. नवरा, मुलगा, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. सकाळपासून मुद्दाम पोट रिकामं ठेवून आलेले. संपलं, एन्कार्नाच्या मनात आलं. आता लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही ही बाई रिकाम्या कढईची गोष्ट सांगत हिंडणार.

उंच माणूस उठून उभा राहिला. आज शिकलेली रीत वापरायची त्याला कोण हौस. हातातला पाव उंचावून तो म्हणाला, “या, जेवायला बसा.”

विर्तुदेसबाईंचे सगळे केस याच डोंगरात पांढरे झालेले. जीभ आपोआप वळली. “होऊ दे, होऊ दे. तुमचं चालू द्या. आमचं आत्ताच झालं.”

त्यांच्या नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं, की त्या माणसाची कीवच यावी.

एन्कार्नाच्या जिवात जीव आला. तिने पटकन कढईवर झाकण टाकलं.

“असं कसं विहीणबाई? दोन घास तरी घ्या.”

“नको म्हटलं ना,” विर्तुदेसबाई ताठ मानेने म्हणाल्या. “आम्ही भरल्या पोटी आलोय.”

“माझ्या गळ्याची शप्पथ.”

“आग्रह करू नका बाई. एकदा नाही म्हणजे नाही.”

एन्कार्नाने मग झाकणावर हात ठेवून अगदी मन भरेपर्यंत आग्रह केला. शेवटी अक्रोड आणि वाइनवर लग्नाची तारीख ठरली. घरी जाऊन विर्तुदेसबाईंनीच गावभर सांगितलं, की त्या घरी परक्या मुलखातल्या माणसांच्या पंगती उठतात, आणि आग्रह तर असा, की जीव नकोसा होतो.

पुढच्या रविवारी विर्तुदेसबाईंकडे परतीचं जेवण होतं. पूल ओलांडताना एन्कार्नाने तोर्कातोची बाही धरली.

“तिने ‘या’ म्हटलं की तोंड उघडायचं नाही,” ती म्हणाली. “सरळ बसायचं.”