चुना तोच, परिस्थिती बघा

कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या इमारतीत अंड्याचं टरफल परस्पर कचऱ्यात टाकायची सोय नाही. वरच्या मजल्यावरचे जोगकाका जिन्यातच अडवतात, टरफल किती पातळ ते उजेडात धरून बघतात आणि विचारतात, "कोंबडी फार उन्हात होती का हो?" स्वतः शुद्ध शाकाहारी! अंडीवाल्याने एकदा कपाळाला हात लावला. "दादा, अंडा तो लेता नहीं, रोज मुर्गी का हाल पूछता है!"

काका निवृत्त भूशास्त्रज्ञ. बँकेने माझी इकडे बदली केली, त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी नेऊन दोन भांडी दाखवली. एक फ्रिजमध्ये, दुसरं शेगडीवर. काकूंची डाळ खोळंबलेली. दोन्हींत चुन्याचं तेच पाणी. भिंगाखाली थंडातले स्फटिक पेटीसारखे, गरमातले सुईसारखे.

"शिंपला, शंख, अंडं, चुना तोच. परिस्थिती बघा!"

हे वाक्य ते कशालाही लावत. माझी मुलगी मराठीत निम्मं बंगाली बोलते म्हटलं, तरी हेच. काकू म्हणत, "मलाही कधी भिंगातून बघा म्हणावं."

एका रविवारी सकाळी काकांनी आमचं दार बडवलं. पायांत दोन वेगळ्या चपला. "हिला घर फिरतंय. कूस बदलली आणि..." टॅक्सीत ते काकूंचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले होते. चुन्याचं नाव नाही. मीच घाबरलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकूंना तपासलं, आडवं केलं, मान या कुशीवर, मग त्या कुशीवर वळवली आणि हळूच बसवलं. "भय नेई, माशीमा, घाबरू नका. कानात चुन्याचे बारीक स्फटिक असतात, ते जागचे हलले होते. आता बसले."

"थांबलं हो घर," काकू म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

आता व्याख्यान होणार म्हणून मी सावरून बसलो. पण काका स्टुलावर बसून डोळे पुसत होते.

"चाळीस वर्षं मी हेच करतोय. कानातले हे स्फटिकही मला पाठ आहेत. आणि सकाळी काही म्हणजे काही आठवलं नाही गं."

काकूंनी त्यांच्या विजोड चपलांकडे पाहिलं, मग त्यांचा हात हातात घेतला.

"माणूस तोच हो," त्या म्हणाल्या. "परिस्थिती बघा."