जनूकाकांनी काढलेला वॉल

आमच्या सापगावात कुठलीही वस्तू बिघडली की ती जनूकाकांकडे जाते आणि एखादा भाग गमावून परत येते. परत आलेली वस्तू चालते, हे मान्य करायलाच हवं. पण काकांनी तिच्यातलं काहीतरी काढून घेतलेलं असतं. विचारलं की चष्म्यावरून बघत सांगतात, "हे कंपनीनं उगीच दिलंय."

आमच्या मिक्सरला तीन स्पीड होते, आता एकच आहे. बायको तणतणत गेली, तर काका म्हणाले, "मास्तरीणबाई, खरं सांगा, पहिला स्पीड तुमी शेवटचा कधी लावला?" तिला काही आठवेना आणि भांडण तिथंच संपलं. शेणव्याच्या एका किराणा दुकानदाराचा वजनकाटा दुरुस्त झाला, पण तेव्हापासून तो फक्त पूर्ण किलो दाखवतो. ग्रॅमचे आकडे काकांना फालतू वाटले. त्या माणसाला जिरं-मोहरी विकणं बंद करावं लागलं. महिनाभर तो काकांच्या नावानं शंख करत हिंडला आणि मग बंद पडलेली बॅटरी घेऊन त्यांच्याच दारात आला.

माझी जुनी मोटार पाच वर्षांपूर्वी प्रत्येक चढावर तापायची. काकांनी बॉनेट उघडून तिचा थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला. हा वॉल म्हणजे एक लहानशी झडप. इंजिनातलं पाणी पुरेसं तापेपर्यंत ती त्याला अडवून धरते आणि मग गार व्हायला रेडिएटरकडे सोडते. "आपल्याकडं काय बर्फ पडतोय?" काका म्हणाले. "फिरू दे की पानी मोकळं." गाडी पुन्हा कधी तापली नाही, आणि मीही तो वॉल विसरून गेलो.

यंदा डिसेंबरात माझ्या मुलीचं बाळ दीड महिना आधीच आलं. तिचं सासर मुरबाडचं, दवाखानाही तिथलाच. उद्या सकाळी सोडतो म्हणताना डॉक्टरांनी बजावलं, वाटेत बाळाचं अंग गार पडता कामा नये. त्याला आमच्या घरी आणायचं होतं, आणि सकाळी त्या रस्त्याला धुकं असतं. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीचा हीटर लावून बघितला. गार वारा आला. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं तरी वारा गारच. शेजाऱ्यांची गाडी मागावी म्हणून तीन गाड्यांचे हीटर लावून पाहिले. तिन्हींतून गार वारा. तिन्ही गाड्या कधी ना कधी काकांच्या हाताखालून गेल्या होत्या, हे माझ्या लक्षात नंतर आलं.

शेवटी काकांनाच बोलावलं. त्यांनी चालू इंजिनाचा पाइप नाडी बघावी तसा दोन बोटांत धरला.

"पानी तापतच नाय, मास्तर. हीटर तरी काय करनार? कोनीतरी वॉल काढलाय. गाढव असनार. असल्या मानसाला गाडी देता कशाला तुमी?"

"म्हातारा होता जरा," मी म्हणालो.

"म्हातारा झाला म्हनून काय झालं? अक्कल नको?"

मग त्यांचा हात पाइपवरच थांबला. बाळ किती दिवसांचं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. बारा, म्हणालो. ते घराकडे चालू लागले, मी मागोमाग.

शहापूरच्या दुकानात वॉल दोन दिवसांनी मिळणार होता. काकांच्या मागच्या खोलीत तो फळीवर होता, धुतलेल्या फडक्यात बांधलेला. वर चिठ्ठी, "मास्तर, पांढरी गाडी." गावानं गमावलेलं सगळं तिथं मांडून ठेवलं होतं. आमच्या मिक्सरचे दोन स्पीड होते. दुकानदाराचे ग्रॅमही होते.

"लोकांचं हाय ते," काका म्हणाले. "टाकायचं कसं?"

चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यांनी वॉल त्यात सोडला. झडप हळूच उघडली, तेव्हा काका लहान पोरासारखे हसले. वॉल बसवला, पाणी भरलं, आत अडकलेली हवा निघावी म्हणून गाडी शाळेच्या चढावर नाक वर करून उभी केली. मग भर दुपारी, काचा बंद आणि हीटर पूर्ण लावून, आम्ही शेणव्यापर्यंत जाऊन आलो. दोघांच्याही अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. दरवाजे अडकलेत असं वाटून तो दुकानदार काच फोडायला दगड घेऊन धावत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तर काका न बोलावता पुढच्या सीटवर बसलेले, गळ्यात मफलर. मुरबाडला मुलगी बाळाला घेऊन मागे बसली. हीटर लावला, ऊब आली. काकांनी समोरची जाळी वळवून वारा दोन सीटच्या मधून मागे सोडला आणि तो पोचतोय का हे बघायला तळवा आडवा धरला. बाहेर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "बाबा, पाय गरम झालेत त्याचे." मी गाडी आणखी हळू केली.

"आमच्याकडं टेबल फॅन हाय," काका एकदम म्हणाले. "इकडून तिकडं मान फिरवायचा. मी त्याचं फिरनं काढून टाकलं. वारा सगळा माझ्याच बाजूला. तुमची काकी एकदाच बोलली, परत बसवा, मला उकडतं. मी म्हटलं, बसवतो."

"मग?"

"बसवलं की. ती गेल्यावर. आता चांगला फिरतो. अर्धा टाइम तिच्या बाजूला वारा घालतो."

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, हीटर कमी करा थोडा. काकांना बघा किती घाम आलाय."

"कमी नाय करायचा," काका म्हणाले. "मला उकडू दे."