स्टेपनीवरचा मातावा

"बोकिकोकिको नाही दाखवला तर कौतुना हे नाव टाकीन," असं कौतुनाने गावच्या सभाघरात छाती ठोकून सांगितलं होतं. पाहुणे म्हणजे नॉर्वेचे हालवार्द आणि सोलवाइग हे म्हातारं जोडपं. अर्धा पॅसिफिक ओलांडून ते किरिस्मास बेटावर आले होते, ते फक्त या एका पक्ष्यासाठी. जगात दुसरीकडे तो जवळजवळ नाहीच. आणि त्याच्या जागा कौतुनाइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या.

सकाळी तो ऐटीत किल्ली फिरवत ट्रककडे गेला. टपावर स्टेपनी बांधलेली होती आणि स्टेपनीवर एक पांढराशुभ्र मातावा बसला होता. मातावा घरटं बांधत नाही. जागा दिसली की अंडं घालून मोकळा होतो.

"ऊठ," कौतुना म्हणाला.

पक्ष्याने काळेभोर डोळे त्याच्यावर रोखले आणि पंख आणखी फुगवले.

कौतुना टपावर चढणार तोच सोलवाइगबाई धावत आल्या. "हात लावू नका हो! अंडं आहे खाली."

"बाई, झाडं काय कमी आहेत त्याला? ट्रक माझा आहे."

तेवढ्यात कौतुनाची बायको तेबोरा कामावर जायला बाहेर पडली. ती पक्षीरक्षण कार्यालयात नोकरीला. तिने एकदा टपाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि आत जाऊन कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आली. ट्रकभोवती ती बांधून म्हणाली, "पिल्लू उडेपर्यंत ट्रक हलायचा नाही."

"अगं, महिने जातील!"

"जाऊ देत. हलवलास तर मलाच तुझ्यावर कारवाई करावी लागेल."

कौतुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या ट्रकला, स्वतःच्याच बायकोने दोरी बांधावी आणि हा दीडवितीचा पक्षी वर बसून मिऱ्या वाटणार!

शेवटी तिच्या भावाला, तियाओनला, बोलवावं लागलं. बेटावर पाहुणे फिरवणारा दुसरा ट्रक त्याचाच. तो हसतच आला.

"दाजी, पुढे पाहुणे बसतील. तुम्ही मागे बसा. बर्फाची पेटी तेवढी सांभाळा, मासळी आहे तिच्यात."

रस्ताभर माशांचं पाणी कौतुनाच्या चपलांत जात होतं. पण झुडपांपाशी पोचल्यावर त्याने सगळ्यांना गप्प केलं, ओठ आवळून बारीक चिवचिव केली, आणि काय आश्चर्य, हाताच्या अंतरावर बोकिकोकिको येऊन बसला. कौतुनाने विजयी नजरेने तियाओनकडे पाहिलं.

हालवार्दनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली.

"हाच का?"

"हाच."

"करडा आहे."

"करडाच असतो."

"छान आहे," हालवार्द सावकाश म्हणाले. सोलवाइगबाईंनी घड्याळ पाहिलं. "मग आता घरी जायचं का? तुमच्या ट्रकवरचा तो पांढरा फार गोड आहे हो. त्याचे फोटो राहिलेत."

मातावा! जो बेटावर कावळ्यासारखा कुठेही दिसतो तो! कौतुना पाय आपटत मागे बर्फाच्या पेटीशेजारी जाऊन बसला. पाहुणे मात्र विमान येईपर्यंत त्याच्या अंगणात खुर्च्या टाकून टपाकडे बघत बसले, आणि त्यांच्यासाठी शहाळी सोलायचं काम कौतुनाकडे आलं.

पाहुणे गेले त्या दुपारी अंगणात कुणी नव्हतं. तेबोरा कामावर गेलेली. कौतुनाने दोरी सोडली. आता अंडं उचलून झाडाच्या बेचक्यात ठेवायचं, ट्रक काढायचा, विषय संपला. तो टपावर चढला. नेमकी त्याच वेळी एका फ्रिगेट पक्ष्याने वरून झडप घातली, मातावा घाबरून समुद्राकडे पळाला आणि ते ठिपक्याठिपक्यांचं अंडं भर उन्हात उघडं पडलं. टायरचं रबर तर तव्यासारखं तापलेलं.

"नालायक," कौतुना समुद्राकडे बघत ओरडला. "पोर टाकून पळतोस? लाज नाही वाटत?"

त्याने टोपी काढून अंड्यावर सावली धरली. हात भरून आला तेव्हा हात बदलला. शिव्या चालूच होत्या.

तियाओनचा ट्रक कुंपणापाशी थांबला.

"दाजी, वर काय करताय?"

"हवा बघतोय," कौतुना म्हणाला. "स्टेपनीत कमी वाटतेय."