मुंग्या डॉक्टर

दोन चाकांची पायगाडी आंब्याच्या बुंध्याला टेकवलेली. शेजारी धोतर, काळा कोट आणि पागोटं अशा थाटातला एक पन्नाशीचा गृहस्थ दोन्ही हात वर करून जोरजोरात झटकतो आहे, आणि तोंडानं म्हणतो आहे, "जा, जा, जा!" कर्जतहून चौकला जाताना हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, माणसावर गांधीलमाश्या उठल्यात. मी तट्टावरूनच ओरडलो, "अहो, नदीकडे पळा!"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "माश्या नव्हेत. मुंग्या."

"कुठं आहेत?"

"हातात," ते म्हणाले आणि पुन्हा झटकू लागले.

त्रिंबकराव दिघ्यांशी माझी ओळख झाली ती अशी. ते सरकारी देवी डॉक्टर होते. म्हणजे गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर देवी टोचायच्या, आठव्या दिवशी परत जाऊन फोड नीट आलेत का पाहायचे, आणि पुढच्या गावाला लागायचं. मी नुकताच कर्जतच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि माझं बिऱ्हाड नेमकं त्यांच्या शेजारी लागलं. पहिल्याच आठवड्यात ते संध्याकाळी ओटीवर आले आणि म्हणाले, "मास्तर, आज मुंग्या फार." आमच्या मंडळींनी आत लगेच गुळाचा डबा शिंकाळ्यावर टांगला.

त्या काळी आमच्या तालुक्यात पायगाडी ही एकच. रेल्वेच्या कामावरचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना ती दिघ्यांच्या गळ्यात घालून गेला होता. भरीव रबराच्या धावा, हत्ती बसेल असं लोखंड, आणि आमचे रस्ते म्हणजे नुसती खडी. गाडी चालली की दिघ्यांची कवळी वाजायची. पण त्यांची तक्रार पाठीची नव्हती, कमरेची नव्हती. होती ती हातांची.

"तळहाताच्या या उशीखाली शीर आहे," ते माझा हात ओढून दाखवायचे. "तिच्यावर भार पडला की आधी करंगळी झोपते. मग तिची शेजारीण. आणि मधल्या बोटाला मुंग्या आल्या, की मुकाट्यानं उतरायचं. पुढं गेलात तर पंजा परक्याचा!"

यावर त्यांनी किती उपाय केले म्हणून सांगू! दांड्याच्या मुठींना घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळल्या, त्या पाऊस लागल्यावर कुजल्या. वाळल्या घोसाळ्याची जाळी बांधली, तिनं तळव्यांची सालं काढली. मग भाताचा कोंडा भरून दोन उश्या शिवल्या. त्या मात्र फार छान झाल्या होत्या. चौकच्या अलीकडे उजवी उसवली, कोंड्याबरोबर कणीही सांडू लागली, आणि देवी डॉक्टर गावात शिरले ते मागे पंधरा-वीस कोंबड्या घेऊन. त्या दिवशी गावातलं एकही पोर पळून गेलं नाही. सगळी पोरं ही वरात बघायला उभी होती.

शेवटी दहिवलीच्या लोहाराकडून त्यांनी गाडीचा दांडाच तापवून वर वळवून घेतला. आता तो म्हशीच्या शिंगांसारखा दिसायचा, पण दिघे ताठ बसायचे आणि हातांवरचा भार कमी व्हायचा. त्यातून त्यांना शास्त्र सापडलं. "कोपर ढिलं, मूठ ढिली, भार बुडावर! चिमणी धरावी तसा दांडा धरायचा. सुटता कामा नये, मरता कामा नये. आणि फर्लांगभर झालं की हाताची जागा बदलायची." माझ्याकडे पायगाडी नव्हती. तरी त्यांनी मला आमच्या ओटीवर लाटणं हातात देऊन हे सगळं शिकवलं.

"भार बुडावर" हा मंत्र ते कुठंही म्हणायचे. घोड्यावर थरथरत बसलेल्या एका नवरदेवाला त्यांनी भर वरातीत तो ऐकवला. आमच्या शाळेला तपासनीस साहेब येणार होते, तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, घाबरून मुठी आवळू नका. भार बुडावर." मी इतका गांगरलो होतो, की साहेब उभे आणि मी खुर्चीत बसलेलो, अशी सगळी तपासणी झाली.

आणि एवढं करून ते गावात पोचले, की लगेच टोचायला बसायचे नाहीत. आधी पाव तास बोटं चोळायची. मग कोटाच्या खिशातून एक कापडी पिशवी काढायची. तिच्यात तांदूळ, नाचणी, वरी, उडीद, तीळ असं सगळं एकत्र. डोळे मिटायचे, चिमटीत एकच दाणा धरायचा आणि म्हणायचं, "नाचणी." डोळे उघडून पाहायचं. पाच दाणे ओळीनं बरोबर आले तरच हातात सुरी. एक चुकला, तर पुन्हा चोळायला सुरुवात.

आता आमच्याकडे दाणे बघतो तो भगत. कुणाला काय बाधलं, ते तो तांदळाच्या दाण्यांत पाहून सांगतो. त्यामुळे डोळे मिटून दाणे चाचपणारा डॉक्टर पाहून लोकांचा व्हायचा तो समज झाला. एका वाडीत म्हातारा समोर येऊन बसला. "डाक्टर, माजी म्हस तीन दिस झालं गावत नाय. बगा की जरा."

"अहो, मी भगत नाही!"

"नसंना का. दाणं तर हायेत."

दिघे कावले. "जा, नदीपलीकडे बघा!" असं म्हणून त्यांनी त्याला कटवला. म्हैस नदीपलीकडे सापडली. त्यानंतर त्या बाजूच्या वाड्यांतून देवी टोचून घ्यायला माणसं आपल्या पायांनी येऊ लागली. जाताना कुणी मुलीच्या सोयरिकीचं विचारायचं, कुणी विहिरीला पाणी कुठं लागेल ते. दिघे चिडायचे, मग हळूच मला म्हणायचे, "पण मास्तर, पोरं किती टोचून झाली बघा!"

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. एवढं कशाला, असंही वाटायचं. टोचायला ते काय लागतं? पाचाऐवजी तीन दाण्यांवर भागलं नसतं का?

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. सगळीकडे पायगाडीवर जाणारे दिघे डोंगराखालच्या कोंडाणे गावाला मात्र पायी जायचे. पहाटे निघायचे, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, बॅग पाठीला बांधलेली. विचारलं तर म्हणायचे, "वाट वाईट आहे." वाट वाईट होतीच, पण इतर वाटा तरी कुठं चांगल्या होत्या?

त्या वर्षी माघात, सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो. गावात पोचल्यावर ते देवळाच्या पायरीवर बसले, दाणे ओळखले आणि एकेक पोर टोचू लागले. दुपारपर्यंत आठ-नऊ झाली. शेवटी एक तिशीची बाई तान्हं घेऊन आली. तिच्या लुगड्याला धरून आठेक वर्षांची मुलगी होती. दिघ्यांनी त्या दोघींना पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

पिशवी काढली. पाच दाणे ओळखले. पुन्हा पाच ओळखले. तिसऱ्यांदा पाच. एकही चुकला नाही. तरी त्यांनी सुरी उचलली नाही. ते बॅग आवरू लागले.

"बाई, तुमच्या घरातलं पोर मी नाही टोचत. खालापूरच्या डॉक्टरांना पाठवतो. पुढच्या आठवड्यात येतील."

"का म्हून?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे."

बाईनं मुलीला पुढं ओढलं आणि तिच्या चोळीची बाही वर केली. दंडावर एक मोठा, आवळलेला वण होता, बोटभर लांब. "ह्याच्यासाटी व्हय?"

दिघे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मास्तर, पायगाडी नवी होती. भरधाव आलो आणि तसाच बसलो. बोटं बधिर होती, सुरी किती गेली ते मला कळलंच नाही. दीड महिना चिघळली होती ती जखम. हात अजून वर जात नाही तिचा."

"जातो की," मुलगी म्हणाली आणि तिनं हात वर केला. तो खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला.

"डाक्टर," बाई म्हणाली, "तुमी गेलात न् त्याच उन्हाळ्यात देवीची साथ आली. आमच्या शेजारची दोन पोरं गेली. माज्या जावंचा ल्योक गेला. ही ऱ्हायली. तुमाला कुनी सांगितलं नाय?"

दिघ्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"कोन सांगनार? सात वर्सं तुमी देवळापाशी येता न् देवळावरनंच परत जाता. आमच्या अंगनात कदी पाय ठेवला नाय. मी बायमानूस, चार गड्यांत येऊन काय बोलू? आज पोर हाय म्हून आले." तिनं तान्हं माझ्याकडे दिलं. मला तिनं विचारलंसुद्धा नाही. मग खाली बसून तिनं दिघ्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट चिमटीत धरून दाबत गेली. देवळापाशी बसलेले बाप्ये बघतच राहिले.

"हाय का जीव?"

"आहे."

"ह्यात?"

"आहे."

"मग टोचा."

त्यांनी टोचलं. इतक्या हलक्या हातानं, की पोर आधी हसलं आणि मग उगाच रीत म्हणून रडलं. दिघ्यांनी बॅग बंद केली आणि बराच वेळ तिच्या कुलपाशी खटपट करत बसले. कुलूप केव्हाच लागलं होतं.

परत येताना उल्हास नदीच्या काठाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. मी म्हटलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाशी बोलायचं?" ते म्हणाले. "बायको होती तोवर तिला सांगायचो. ती गेली त्याला सहा वर्षं झाली."

मी सहा महिने त्यांच्या शेजारी राहत होतो. त्यांना कोंबड्यांबद्दल विचारलं होतं, म्हशीबद्दल विचारलं होतं. घरात आणखी कोण कोण होतं, ते कधी विचारलं नव्हतं.

आठव्या दिवशी फोड पाहायला पुन्हा जायचं होतं. मी शाळेला दांडी मारून बरोबर गेलो. गावाच्या वेशीवर ती मुलगी वाट पाहत उभी होती. "चार फोड आलं! चला!" असं म्हणून तिनं दिघ्यांचा हात धरला आणि त्यांना देवळाकडे वळूच दिलं नाही. पुढं ती, मागं ते, बॅग मांडीवर आपटते आहे. मी पाटलाकडे ताक प्यायला थांबलो आणि तिथं गप्पांत अडकलो.

उन्हं कलल्यावर त्या घरी गेलो, तर बाई दारातच तांदूळ निवडत होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं. ओटीवर घोंगडीवर दिघे गाढ झोपले होते. पागोटं खुंटीला होतं. शेजारी पाळण्यात बाळ होतं, आणि मुलगी दोरी धरून बसली होती.

"जेवले न् निजले," बाई हळूच म्हणाली. "असू द्या जरा."

सांजेच्या आत कर्जत गाठायचं होतं. तरी मी खाली पायरीवर बसलो आणि त्यांना उठवलं नाही.